जड स्टिअरिंग

पोरं त्याला भोंगाकाका म्हणत. प्रत्येक दाराशी तो व्हॅनचा हॉर्न असा दाबून धरी, की झोपाळू पोरही एका पायात बूट घालून धावत येई. शाळेची व्हॅन चालवण्यात त्याचं तारुण्य गेलं. पूर्वी जी पोरं त्याच्या गाडीत बसत, त्यांचीच पोरं आता बसत होती.

मागच्या आठवड्यात शाळेजवळच्या वळणावर स्टिअरिंग अर्धं फिरून थांबलं. पुढचं चाक फुटपाथवर चढलं, व्हॅन आदळली, मागे दप्तरं कोसळली. पोरं खदखदून हसली. "काका, परत एकदा!" एकजण ओरडला. त्या जागी रोज एक म्हातारी बसायची. त्या दिवशी ती आली नव्हती, एवढंच.

"ऑइल जळलंय," तो घरी येऊन म्हणाला. "पॉवर स्टिअरिंगचं. म्हणून जड झालंय. रविवारी मीच बदलतो."

बायकोनं मान हलवली. ऑइल बदलून स्टिअरिंग हलकं झालं तर सोमवारी व्हॅन निघणार होती. नाही झालं तर काय, हा प्रश्न दोघांनीही तोंडाबाहेर काढला नाही.

तसं या वर्षात घरातलं बरंच काही जड झालं होतं. बरण्यांची झाकणं घट्ट बसू लागली होती. कुलूप अडकत होतं. शर्टाची काजं लहान झाली म्हणून शेजारच्या शिंप्याला त्यानं चारचौघांत झापलं होतं. प्रत्येक वेळी दोष वस्तूचा. त्याच्या दोन्ही हातांच्या अंगठ्यांशेजारचं मांस ओसरून तिथे खळगा पडला होता. जेवताना तिला तो दिसला की ती ताटात बघायची.

रविवारी घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी व्हॅनचा पुढचा भाग उचलला. जॅक तिनंच मारला. चाकं अधांतरी झाली तशी खाली ठोकळे सरकवले. ऑइलच्या टाकीला परत येणारा पाइप काढायचा होता. त्यावरची क्लिप पकडीत धरून तो दाबत राहिला. पकड दोनदा निसटली.

"गंजलीय मेली."

"बघू इकडे," ती म्हणाली. क्लिप एका दाबात निघाली. क्लिपवर गंज नव्हता.

त्यानं टाकीचं, पाइप निघाला तिथलं तोंड बुचानं बंद केलं आणि पाइपाचं टोक बाटलीत सोडलं. मग ती इंजिन बंदच ठेवून सीटवर बसली. तो म्हणेल तसं स्टिअरिंग पार डावीकडे, पार उजवीकडे फिरवू लागली. बाटलीत काळं, करपलेलं ऑइल पिचकाऱ्या मारत पडू लागलं.

"बघ, बघ! हे असलं काळं कुळकुळीत पोटात घेऊन फिरत होती बिचारी!" कितीतरी दिवसांनी तो एवढ्या मोठ्यानं बोलला. टाकी रिकामी पडू नये म्हणून तो वरून नवं ऑइल ओतत होता. थोडं टाकीत, थोडं बाहेर. शेवटी पाइपातून लाल, स्वच्छ धार आली. त्यानं ती बोटावर घेऊन तिला दाखवली.

पाइप जोडला. इंजिन चालू करून, स्टिअरिंग फिरवून आतली हवा काढली. बुडबुडे थांबले, पंपाची घरघरही थांबली. ठोकळे काढले. व्हॅन जमिनीवर टेकली.

आता तो बसला. डावीकडे फिरवलं. स्टिअरिंग थोडं फिरलं, आणि बोटं त्यावरून ओली असल्यासारखी घसरली. त्यानं हात पुसले, पुन्हा धरलं. पुन्हा तेच.

"तू बघ."

ती बसली. स्टिअरिंग तिच्या हाताखाली नुसतं वाहत गेलं. तिनं ते मध्येच थांबवलं, ओठ आवळले, खांदे ताठ केले.

"अजून जडच आहे हो."

"मग पंपच गेला असणार," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती.

तेवढ्यात शिंपी कुंपणापाशी आला. "काय भोंगेराव, गाडीचीही काजं लहान झाली वाटतं?" असं म्हणत तो आत आला. इंजिन चालूच होतं. त्यानं खिडकीतून हात घालून एका हातानं स्टिअरिंग गरकन फिरवलं. पुढची चाकं मातीत करकरत वळली.

"अरे वा! लोण्यासारखं फिरतंय की! नवीन केलंस काय?"

शिंप्यानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि काहीतरी शिवायचं राहिलंय असं पुटपुटत तो निघून गेला.

"तू जड म्हणालीस," तो बायकोला म्हणाला.

"हो."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

तिनं इंजिन बंद केलं. तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. हात धुतलेसुद्धा नाहीत. उशीला लाल डाग पडले.

संध्याकाळी ती दाराशी उभी राहून एकेका घरी फोन करू लागली. "उद्यापासून व्हॅन येणार नाही. दुसरी सोय बघा. हो, गाडी बिघडलीय."

"गाडी ठीक आहे म्हणून सांग!" तो आतून ओरडला.

फोनवरच्या बाईनं ते ऐकलं. "गाडी ठीक आहे? मग काय झालं हो?"

ती फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. पलीकडून बाई हॅलो, हॅलो म्हणत होती.