मलायावाल्याकडची चटणी

कॉलेजात पहिलं वर्ष संपेपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलणारे पुष्कळ होते, पण मधल्या सुट्टीत माझी वाट बघत थांबणारं कुणी नव्हतं. मी मावळातल्या वडगावहून गाडीनं पुण्याला जायचो, तास संपले की परत यायचो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिथं मित्र कसे होतात हे विचारायला घरी कुणी नव्हतं. वर्गातली मुलं मला ‘मावळे’ म्हणायची. “काय मावळे, घोडा कुठं बांधला?” असं कुणी विचारलं की मी हसायचो. ते थट्टा करतात की आपुलकीनं म्हणतात, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी एकानं माझ्या अर्थशास्त्राच्या टिपणांची वही मागितली. ती परत देताना तो म्हणाला, “रविवारी लोणावळ्याला ये, तुंगार्लीत. आमचा बंगला आहे तिथं. मलायावाल्याकडे जेवू.” मी घरी सांगितलं, “मित्रानं जेवायला बोलावलंय.” हे वाक्य मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. आईनं सदरा धुऊन, घडी करून उशाखाली ठेवला.

मलायावाला म्हणजे एक वयस्क गृहस्थ. अनेक वर्षं ते मलायात एका रबराच्या मळ्यावर स्वयंपाकी होते. परत आल्यावर त्यांनी लोणावळ्यात एका बंगल्याचा व्हरांडा भाड्यानं घेऊन चार टेबलं मांडली होती. मुंबईहून हवापालटाला येणारी मंडळी तिथं हौसेनं जेवायची. आम्ही पाचजण बसलो. कार्डावरची पदार्थांची नावं मला वाचता येत होती, पण एकाचाही अर्थ लागत नव्हता. बाकीचे भराभर सांगत गेले. माझ्यापाशी येऊन ते गृहस्थ थांबले.

आमचं घर माळकरी. मी चौथीत असताना वडिलांनी माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती. आमच्यात मटण-मासे खात नाहीत एवढंच नाही, तर ते शिजलेलं भांडंसुद्धा चालत नाही. चुलत्यांची माळ नव्हती. त्यांना खावंसं वाटलं तर ते गोठ्यामागे तीन दगड मांडून वेगळ्या पातेल्यात शिजवायचे आणि आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाहीत. हे सगळीकडे असंच असतं, अशी माझी समजूत. म्हणून मी विचारलं, “मी शाकाहारी आहे. भांडं वेगळं आहे का?”

 एकजण म्हणाला, “मावळे, चूलसुद्धा वेगळी मांडू का?” सगळे हसले. ते गृहस्थ मात्र हसले नाहीत. “भात वेगळ्या पातेल्यात आहे. तुमच्या भातावर अंडं ठेवत नाही,” असं म्हणून ते आत गेले.

केळीच्या पानावर भात आला. नारळाच्या दुधात शिजवलेला, पांढराशुभ्र. कडेला काकडीचे काप, तळलेले शेंगदाणे आणि बोटभर लाल चटणी. त्या अनोळखी जेवणात मला ओळखीची वाटली ती ही चटणीच. ठेच्यात काय काय घातलंय हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. मिरची असणार, मीठ असणार, संपलं. मी ती भातात कालवली. तिखट, आंबट, थोडी गोडसर. इतकी चांगली लागली की मी न राहवून म्हणालो, “अगदी घरच्यासारखा ठेचा आहे.”

ज्यानं बोलावलं होतं तो पाण्याचा घोट घेता घेता थांबला. त्याला हसू आवरत नव्हतं. “अरे, त्यात सुकी कोळंबी असते. कुटून घालतात. मला वाटलं, बघू या मावळ्याला कधी कळतंय.”

ते गृहस्थ खोटं बोलले असं मला वाटत नाही. वर्षानुवर्षं ती चटणी करणाऱ्याला तिच्यात कोळंबी आहे हे वेगळं आठवत नसावं. आणि खरं तर आमच्या बाजाराच्या दिवशी सुकटीच्या पाट्या मांडतात तिथला वास त्या व्हरांड्यात होता. मला ओळखता यायला हवा होता.

चौघं माझ्याकडे बघत होते. मी उठून चूळ भरायला गेलो असतो तर कुणी अडवलं नसतं. पण मी म्हणालो, “मला माहीत आहे. चालतं मला.” आणि चटणी कालवलेला आणखी एक घास घेतला. 

“मावळा बाटला!” कुणीतरी ओरडलं. पाठीवर थाप पडली. तेवढा वेळ मला वाटलं, झालं, आता मी यांच्यातला.

जेवणानंतर आम्ही तळ्याकडे फिरायला गेलो. रस्ता अरुंद होता. दोघं पुढं, दोघं त्यांच्या मागं, आणि त्यांच्या मागं मी. एका नाटकाबद्दल बोलणं चाललं होतं, ते मी पाहिलेलं नव्हतं. स्टेशनवर निरोप घेताना ज्यानं बोलावलं होतं तो म्हणाला, “उद्या बँकिंगची वही आण हं.” मी हो म्हणालो. गाडीत बसल्यावर माळ काढून खिशात ठेवली. ती गळ्यात ठेवायचा धीर होत नव्हता.

घरी वडील ओसरीवर दोर वळत बसले होते. त्यांचं लक्ष आधी माझ्या गळ्याकडं गेलं.

“माळ कुटं हाय?”

“आबा, चटणीत सुकट होती. मला ठाऊक नव्हतं. खाल्ल्यावर कळलं.”

कळल्यावर घेतलेल्या घासाचं मी बोललो नाही. बोलायचं ठरवून आलो होतो.

त्यांनी दोर खाली ठेवला. “आन् तुज्या मित्रानं सांगितलं न्हाई?”

“त्यालाही ठाऊक नव्हतं.”

त्यांनी दोर पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, “मंग त्येची तरी काय चूक? बोलावून जेवाय घातलं त्यानं. आंघुळ कर, माळ घालतो.” आणि मी विहिरीकडे वळलो तसे मागून म्हणाले, “त्याला आन की एकदा आपल्यात. आपुनबी जेवाय घालू.”

“आणतो,” मी म्हणालो.

आईनं हे आतून ऐकलं होतं. पुढच्या रविवारी तिनं विचारलं, त्याला आमटी तिखट चालंल का. मी म्हणालो, चालेल. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं विचारलं, पुरणपोळी करू का. मी म्हणालो, परीक्षा जवळ आलीय त्याची. परीक्षा झाली, सुट्टी लागली. तोवर आईनं त्याच्यासाठी हातसडीचा आंबेमोहोर तांदूळ एका डब्यात बाजूला काढून ठेवला होता, आणि घरात कुणाला त्याला हात लावू देत नव्हती.