पंचावन्न इंची राणी

माझा बाप सहासष्ट वर्षांचा आहे आणि दंडारीत राणी होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी दचकायला नको. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, घरोघर पाहुणे येतात, आणि मंडईत भरदिवसा दंडार होते. गावचेच नट, गावचीच गाणी, बाईचं सोंगही पुरुषानंच घ्यायचं. एकोडीपासून सानगडीपर्यंत चाळीस वर्षं राणी म्हणजे माझा बाप. शाळेत मी राणीचा पोरगा होतो, आता माझे केस पिकले तरी राणीचा पोरगाच आहे.

दरवर्षी मी म्हणायचो, "बाबा, आता सोडा ना. तोंडात दात नाही, कमरेत जोर नाही. काहून हसू करून घेता?"

"तुले का समजते बे? पब्लिक माह्यासाठी येते," असं म्हणून तो मिशी भादरत बसायचा. आरसा म्हणाल तर तळहाताएवढा, पारा उडालेला. त्यात एका वेळी एक डोळा दिसे, नाहीतर अर्धी हनुवटी. तेवढ्यावर हा गडी स्वतःला अप्सरा समजत होता.

मागच्या वर्षी मी साकोलीहून पंचावन्न इंची टीव्ही आणला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाली धानाचं तणीस, त्यावर गादी, गादीवर टीव्ही आणि टीव्हीला मिठी मारून बाप, अशी वरात गावात शिरली. घरात एवढी मोकळी भिंत कुठून आणायची? धानाची ढोली सरकवून पडवीत काढली. आई म्हणाली, "धान बाहेर अन् डब्बा अंदर! वा रे अक्कल!" पण चित्र असं साफ की बातम्या सांगणाऱ्या बाईच्या नाकावरची पावडर मोजून घ्यावी. ती पावडर पाहूनच माझ्या डोक्यात किडा वळवळला.

मंडईच्या दिवशी मी सगळ्यात पुढं जाऊन बसलो आणि बापाची अख्खी दंडार मोबाइलवर काढली. मुद्दाम जवळून, भर उन्हात. दुसऱ्या दिवशी पाहुणे सुवाऱ्या-वडे चापून खाटांवर लोळत होते, तेव्हा टीव्हीवर लावून दिली. म्हटलं, घे, एकदा पाहून घे स्वतःला, मग राणी आपल्या पायानं सिंहासनावरून उतरते की नाही बघतो. खोटं कशाला बोलू, मला त्याची फजितीच पाहायची होती.

राणी आली. भिंतीवर सुपाएवढं तोंड. पावडरीतून पांढरे खुंट वर आलेले, गालांच्या खड्ड्यांत लाली साचलेली, ओठ आत गेलेले. पाहुणे हसून हसून लोटपोट. आई म्हणाली, "माह्या लग्नातला शालू तरी सोडाचा होता बाप्पा!" सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

बाप हसला नाही. खाली मान घालून पायाचा अंगठा पाहत बसला. मला एकदम कसंतरी झालं, बंद करावं म्हणून मी रिमोट उचलला. तेवढ्यात टीव्हीतल्या राणीनं पदर डोक्यावर ओढला आणि सरळ आमच्याकडे पाहिलं.

"थांबव! थांबव रे!" कोपऱ्यातून आत्या ओरडली. आत्या म्हणजे बापाची सगळ्यात मोठी बहीण, ऐंशीच्या पुढची, दर मंडईला माहेरी येते. मी थांबवलं. ती भिंत धरत धरत टीव्हीपाशी गेली आणि पडद्यावरच्या गालावर तिनं हात ठेवला.

"माय वो! हे त आपली माय होय. दुखण्यात अशीच झाली होती, गाल बसले होते. पाह्य रे, पाह्य!"

माझी आजी गेली तेव्हा बाप तीन वर्षांचा होता. फोटो नाही. तिच्याबद्दल विचारलं की तो म्हणायचा, "मले नाही आठवत." बस, तेवढंच.

बाप उठला, आत्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मग विचारलं, "अशी होती?"

"अशीच."

घरात कोणी हसत नव्हतं. मला माझी अशी लाज वाटली की मी सरळ पडवीत जाऊन ढोलीला टेकून बसलो.

यंदा मंडई जवळ आल्यावर मीच विचारलं, "बाबा, राणी कराल ना?" तो म्हणाला, "नाही त का? आता कसा सोडू बे?" मी नवा मोठा आरसा आणून दिला, तो त्यानं आईला देऊन टाकला.

टीव्हीवर मॅच पाहायची आता सोयच राहिली नाही. सांज झाली की बापाला राणीची ती जागा लावून द्यावी लागते, पदर ओढलेली, थांबवलेली. तो समोर चहा पीत बसतो. पण हा टीव्ही नुसता थांबवून ठेवला की थोड्या वेळानं आपल्या मनानंच चित्र घालवतो आणि कुठले तरी बर्फाचे डोंगर दाखवत बसतो. मग मी कुठंही असलो तरी आतून हाक येते.

"अबे, माय गेली! लाव ना लवकर!"