आनंदीवयनीची परीक्षा आणि रिकामं गाव

आमच्या वाडीतली आनंदी कोयंडे नवऱ्याने स्वतः पकडून आणलेल्या बांगड्याचेसुद्धा कल्ले उचलून बघते. सत्यवान होडीवरून येऊन टोपली अंगणात ठेवतो, बांगडा अजून तडफडत असतो आणि वयनी विचारते, "ताजो मां?" गेल्या अठरा वर्षांत सत्यवानाने या प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही. बांगडाच काय ते शेपूट आपटून देतो.

अशा बाईला सरकारने फुकट शिकवायचं ठरवलं, तेव्हा सरकारची दया आली.

वयनी आमच्या अंगणवाडीत अकरा वर्षं मदतनीस. खिचडी शिजवणं, नाकं पुसणं आणि रडणाऱ्या पोरांना कडेवर घेऊन समुद्र दाखवणं, ही तिची खाती. सेविकाबाई मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. त्यांची जागा बारावी झालेल्या मदतनिसाला मिळू शकत होती, पण लहान मुलांना शिकवण्याचा सहा महिन्यांचा नवा कोर्स तिने पास व्हायला हवा होता. नाहीतर बाहेरून अर्ज मागवणार. आणि बाहेर तर सरपंचांची सून आकांक्षा बी.ए.ची गुंडाळी घेऊन उभीच होती.

पर्यवेक्षिका नम्रता मॅडमनी कचेरीत बोलावून सगळं नीट समजावलं.

"फी किती भरायची, मॅडम?" वयनीने विचारलं. कचेरीत ती पुस्तकी मराठी बोलते, लग्नातली साडी नेसावी तशी, जपून.

"काही नाही. शासन भरणार."

"एसटीचं भाडं?"

"तेही मिळणार. कसालला केंद्र आहे, महिन्यातून चार शनिवार. बाकीचे धडे मोबाईलवर."

"आणि जेवण?"

"केंद्रावर जेवण. शिवाय दप्तर आणि वह्या."

दप्तरापर्यंत आल्यावर वयनीचा धीर सुटला. फॉर्म घेऊन ती तडक माझ्याकडे आली. "भावोजीनु, ह्या वाचा. खंयतरी बारीक अक्षरात लिवलेला असतला."

मी चार पानं वाचली. बारीक अक्षरात छापखान्याचा पत्ता होता.

"अहो, सरकार देतंय तर घ्या की."

"फुकट कोण काय देता? गळाक लावलेली सुंगटा पण माशाक फुकटच मिळतत!"

शेवटी तिने फॉर्म भरला, कारण न भरल्याचा फायदा आकांक्षाला होणार याबद्दल तिला अजिबात संशय नव्हता.

कसालच्या केंद्रावर पहिल्याच शनिवारी तिला रहिमा भेटली. रहिमा खाडीपलीकडच्या गावातली मदतनीस. तिथे जेवणात वरणभात, उसळ आणि चक्क शिरा होता. वयनीने आधी रहिमाला खाऊ दिलं, दहा मिनिटं तिच्याकडे बघत बसली, मग स्वतः जेवली.

"गो, माका काय झाला असता तर?" रहिमाने विचारलं.

"तर मी जेवलंय नसतंय," वयनी म्हणाली. तिथून दोघींची मैत्री जमली.

कोर्समध्ये प्रत्येक मुलाची नोंदवही ठेवायची होती. मूल काय करतं, कसं खेळतं, कोणाशी बोलतं, ते रोज लिहायचं. बाकीच्या बाया लिहीत, "मूल आनंदी आहे. गाणे म्हणते." वयनीला हे पटेना. मूल उगाच कशाला आनंदी असेल? ती खिचडी ढवळता ढवळता एकेका पोराकडे असं बघायची, की तीन वर्षांची पोरंही आपोआप खिसे चाचपत.

सहा महिने गेले. लेखी परीक्षा झाली. राहिली प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरून परीक्षक येणार, प्रत्यक्ष वर्ग घेताना बघणार आणि चाळीसपैकी गुण देणार. त्यात नापास म्हणजे सगळ्यातच नापास. तारीख ठरली गुरुवारची, अकरा वाजताची.

नेमकी त्याच आठवड्यात आमची गावपळण आली. आमच्याकडे तीन-चार वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल झाला, की अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरांना कुलपं, चुली गार, आणि त्या दिवसांत गावच्या माणसाने वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही. खाडीच्या अलीकडे माळावर झावळांच्या राहुट्या पडतात आणि म्हातारीकोतारीही पोरांसारखी खूश होतात. यंदा सोमवार, मंगळवार, बुधवार पळण, गुरुवारी सकाळी फक्त गुरव आणि मानकरी देवळात जाऊन कौल घेणार, देवाला चिकटवलेली फुलाची पाकळी उजवीकडे पडली की गाव परत भरणार.

"नम्रता मॅडमना आधीच कळवा," मी म्हटलं.

"खुळावलात? कळवलंय तर तारीख फुडे ढकलतले. तारीख फुडे गेली की मार्च जातलो. मार्च गेलो की आकांक्षा येतली. त्यापरास गुरुवारी धा वाजता कुलूप काढतंय, अकराक शाळा."

हिशेब चोख होता. फक्त देवाला विचारलेलं नव्हतं.

गुरुवारी साडेआठला दाजी गुरव देवळातून परत आले आणि वेशीवर उभं राहून त्यांनी सांगितलं, "कौल डावो झालो. आज नाय. उद्या सकाळी परत बघूया."

गावाला आनंद झाला, एक दिवसाची सुट्टी वाढली. वयनी मात्र दाजींपुढे जाऊन उभी राहिली.

"दाजी, पाकळी तुमीच चिकटवलास मां?"

"मगे कोण चिकटवतलो? मीच गुरव."

"आकांक्षा तुमची कोण लागता?"

दाजींनी कपाळाला हात लावला. "बाय, माजी ती मामेबहिणीची नात. पण देवाची ती कोण नाय!"

वयनी रस्त्यावर, वेशीच्या दगडापाशी जाऊन उभी राहिली. परीक्षक बाईंची गाडी इथेच अडवायची आणि इथेच वर्ग घ्यायचा, असा बेत. पोरांना तिने तिथेच काजूच्या झाडाखाली आणून बसवलं.

साडेदहा झाले, अकरा झाले. गाडी येईना. साडेअकराला वयनीचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. तिने कापला. परत वाजला, परत कापला.

"अगो, घे तरी," सत्यवान म्हणाला.

"बँकेतून बोलतंय म्हणतत आणि खाता साफ करतत. माका म्हायती आसा."

सात वेळा वाजला. सात वेळा कापला. आठव्यांदा वाजलाच नाही, तेव्हा "बघलास? दमलो मेलो," म्हणून ती खूश झाली.

इतक्यात खाडीच्या बाजूने रहिमा स्कूटरवरून धापा टाकत आली. म्हणजे धापा स्कूटर टाकत होती, रहिमा ओरडत होती. "गो आनंदी! फोन कित्याक कापतंस? तुजी परीक्षक बाई किनाऱ्याच्या रस्त्यान गावात शिरली! अंगणवाडीच्या पायरीवर बसली हा! नम्रता मॅडमनी माका फोन केल्यानी. बाई म्हणता, गावात माणूस नाय, कुत्रो नाय, हय काय झाला काय? वीस मिनिटा थांबतंय, मगे गैरहजर लिवन जातंय!"

वयनीचा चेहरा उतरला. अंगणवाडी वेशीपासून दहा मिनिटांवर. पण आत पाऊल टाकायचं नाही. साऱ्या गावाचे डोळे तिच्या पायांवर. तिने एक पाय उचललाही. मग तो होता तिथेच ठेवला आणि सात वेळा कापलेल्या नंबरला फोन लावला.

पलीकडून घाबरलेला, पण कडक आवाज आला. "कोण बोलतंय?"

"मॅडम, मी आनंदी कोयंडे. तुमची परीक्षा... म्हणजे माझी."

"कशावरून? मघापासून फोन कापला जातोय. इथे एक माणूस नाही. आणि आता तुम्ही मला कुठे बोलावताय?"

"वेशीवर. गाव रिकामं आहे, देवाची रीत आहे, आम्हाला आत येता येत नाही."

"असं कुठे असतं का? तुम्ही आनंदी कोयंडेच कशावरून?"

वयनीने फोनवर हात ठेवला आणि रहिमाला हळूच म्हणाली, "बाई हुशार आसा." चेहऱ्यावर गेल्या सहा महिन्यांत न दिसलेलं समाधान होतं. मग फोनवर म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडच्या फॉर्मवर माझा हजेरी क्रमांक आहे. सतरा. लेखीला गुण एकाहत्तर. दाराला कुलूप आहे, त्याला लाल दोरा बांधलाय. अजून विचारा."

बाई आल्या. चालकाला पुढे घालून, पर्स छातीशी धरून, त्या वेशीबाहेर पडल्या आणि समोर अख्खा गाव, दोनशे कोंबड्या आणि रांगेत बसलेली अठरा पोरं बघून मटकन खुर्चीवर बसल्या. खुर्ची म्हणजे उलटी टोपली.

वयनीने वर्ग घेतला. तक्ते अंगणवाडीत कुलपात होते, खेळणी कुलपात होती. तिने पोरांना झावळांची छोटी राहुटी बांधायला लावली. लांब झावळ कुठली, आखूड कुठली, आत किती माणसं मावतील, कोंबडी मावेल का. चार पोरं मावली. पाचव्याने आत शिरून सगळी राहुटी पाडली. ती पुन्हा बांधली.

बाई तोवर वयनीने माळावर बरोबर आणलेली नोंदवही वाचत होत्या. एके ठिकाणी हसल्या. लिहिलं होतं, "रोज पोट दुखते म्हणतो. उसळीच्या दिवशी दुखत नाही. संशय आहे." पुढच्या पानावर त्या थांबल्या. "डावीकडून हाक मारली तर वळत नाही. उजवीकडून वळते. लोक हट्टी म्हणतात. मला हट्ट वाटत नाही. कान तपासावा."

"तपासला का?" बाईंनी विचारलं.

"तपासला. डाव्या कानाने कमी ऐकते. आता मशीन येणार आहे. येईल तेव्हा खरं."

बाईंनी पर्स छातीवरून खाली ठेवली. मग फॉर्म काढून उठल्या आणि घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "मला उशीर झालाय. तुम्ही खाली सही करा, गुण मी ओरोसला कचेरीत जाऊन भरते."

सत्यवानाने डोळे मिटून घेतले. रहिमाने वयनीला कोपर मारलं, "कर सही! कर गो!"

"मॅडम," वयनी अगदी अदबीने म्हणाली, "कोऱ्या कागदावर मी सही करत नाही."

परीक्षक बाई पुन्हा टोपलीवर बसल्या आणि गुडघ्यावर फॉर्म ठेवून एकेक रकाना भरू लागल्या. वयनी त्यांच्या खांद्यामागे उभी. वीस मिनिटं लागली. शेवटी बेरीज झाली, चाळीसपैकी चौतीस.

"सहा खंय गेले?" वयनीच्या तोंडून निघून गेलं.

"सहा इमारत आणि साहित्याचे. ते कुलपात आहे. चौतीस म्हणजे पहिला वर्ग. एप्रिलपासून सेविका व्हायला पुरेत."

वयनीने फॉर्म हातात घेतला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, बेरीज पुन्हा करून पाहिली, मागची बाजू उलटून बघितली आणि मग, एकेक अक्षर सुटं काढत, पूर्ण नाव लिहून सही केली.