थोरलीचा खांब

माझ्या बहिणीच्या घरात दोन बायका आहेत, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगते. एक ती. दुसरी खिडकीपाशी भिंतीला टेकून उभी असते. माणसाहून उंच, उतरत्या खांद्यांची, रुंद कमरेची, तपकिरी. तो भाऊजींचा डबल बास, व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं वाद्य. लग्नाच्या आधीपासून तो त्यांच्याकडे आहे, म्हणून ताई त्याला ‘थोरली’ म्हणते आणि स्वतःला धाकटी म्हणवते. त्या खिडकीत ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, आणि थोरलीला तोच मानवतो. ताईला एकतीस वर्षं त्या जागी जेवणाचं टेबल हवं आहे. टेबल अजून स्वयंपाकघराच्या दारात अडकून बसलंय आणि येणारा-जाणारा त्याच्या कोपऱ्यावर आपटतो.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि शिवणकाम करते. थोरलीची खोळ मीच शिवली. खांदा, कंबर, नितंब अशी रीतसर मापं घेतली. इतकं गुपचूप उभं राहणारं गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही.

भाऊजी म्हणजे उभ्याउभ्या हरवणारा माणूस. पालिकेच्या पाणीखात्यात ते जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी शहराच्या वाद्यवृंदात वाजवायचे. निवृत्त झाल्यावर नकाशे सुटले, वाजवणं राहिलं. दूध आणायला पाठवलं तर जिन्यात थांबून लिफ्टची घरघर ऐकत बसतील. वर येऊन सांगतील, “आज लिफ्टचा सूर जरा उतरलाय.” ताई विचारेल, “आणि दूध?” मग पुन्हा खाली.

मी एकदा त्यांच्या कार्यक्रमाला गेले होते. परत येताना त्यांना तोंडावर सांगितलं, “भाऊजी, बाकी सगळे ऐकू आले. तुम्हीच तेवढे नाही.”

“खुर्ची हलत होती का?”

मी आठवून पाहिलं. खरंच, बसल्या जागी पाठीत काहीतरी हलकंसं थरथरत होतं.

“हलत होती.”

“मग तो मी,” ते म्हणाले आणि पुन्हा कुठेतरी हरवले.

गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचा सांधा सुजला. डॉक्टर म्हणाले संधिवात, बोटाला आराम द्या. आता डबल बासच्या पोलादी तारा दाबायच्या म्हणजे काय हे मला कळावं म्हणून भाऊजींनी एकदा माझं बोट धरून तारेवर ठेवलं होतं. दोन दिवस मला सुई धरता आली नाही. ते मात्र त्याच तारांशी रोज चार-चार तास झुंजायचे आणि रात्रीच्या जेवणाला घास उजव्या हाताने नीट घेत, डावा हात टेबलाखाली लपवून बसायचे. ताईला दिसत नव्हतं थोडंच. पण तीही मूग गिळून बसली होती.

त्यातच वाद्यवृंदाला नवे संचालक आले. त्यांनी फर्मान काढलं, की जुन्या सगळ्यांना पुन्हा एकेकट्याने वाजवून दाखवावं लागेल, तेही पडद्यामागून, म्हणजे कोण वाजवतंय हे परीक्षकांना कळणार नाही. जमलं तर जागा राहील. नाहीतर नमस्कार. भाऊजींना सहा आठवड्यांनंतरच्या सोमवारची तारीख मिळाली.

घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, “जागा गेली तर हिला ठेवण्यात अर्थ नाही. एकट्याने वाजवायचं वाद्य नव्हे हे. हिच्यावर कोणीतरी गाणारं लागतं. एक शाळा मागे लागली आहे, तिला देऊन टाकू.” मग ताईकडे बघून हसायचा प्रयत्न केला. “तुझं टेबल लागेल खिडकीत.”

त्या आठवड्यात ताई खाली येऊन माझ्याकडे टेबलक्लॉथला कापड टाकून गेली. मला तिचा राग आला. नवऱ्याचा जीव टांगणीला लागलाय आणि हिला टेबलक्लॉथ सुचतोय!

भाऊजींनी मग तारांचा ध्यास घेतला. त्यांच्या एका कप्प्यात आजवर काढलेल्या सगळ्या तारा आहेत, वेटोळी करून पाकिटात ठेवलेल्या, आणि पाकिटांवर पेन्सिलीने शेरे. ‘बोलते फार, ऐकत नाही.’ ‘दमट हवेत रुसते.’ ‘पहिला महिना भांडखोर, मग गोड.’ एखाद्या मास्तरने मुलांच्या प्रगतिपुस्तकात लिहावं तसे. दुपारचा चहा झाला की ते खिडकीशी बसायचे, मांडीवर तीन-चार पाकिटं घेऊन, आणि ती न उघडता नुसते बघत राहायचे. चहाच्या कपावर साय धरायची. कोणती तार कशी वाजेल हे ते मनातल्या मनात ऐकायचे आणि आपण बोललो तर हात वर करून थांबवायचे, जणू आपण मैफलीत खोकलो.

शेवटी त्यांनी तात निवडली. मेंढीच्या आतड्याची, जुन्या चालीची तार. बोटाला मऊ, आवाजाला खोल. पण तिचा आवाज पोलादी तारेएवढा लांब जात नाही आणि ती ताणून बसायला दिवस घेते. म्हणून आठ दिवस आधी, रविवारी दुपारी, त्यांनी तारा बदलायला काढल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. थोरलीच्या पोटात एक खांब असतो. माझ्या अंगठ्याएवढा जाड, साध्या लाकडाचा. तो ना गोंदाने चिकटवलेला असतो, ना खिळ्याने ठोकलेला. तारांचा ताण त्यांच्याखालच्या लाकडी घोडीवर येतो, घोडीचा दाब पुढच्या फळीवर येतो, आणि त्या दाबाने खांब आत उभा राहतो. आवाज सगळा त्याच्या जोरावर. म्हणून चारही तारा एकदम कधी काढायच्या नाहीत. एक काढायची, तिच्या जागी नवी चढवायची, मग दुसरी. हे मला, एका शिंपिणीला, भाऊजींनी किमान वीस वेळा ऐकवलंय.

त्या दुपारी त्यांनी चारही काढल्या.

“का पण?” मी नंतर ओरडलेच त्यांच्यावर.

“गजाच्या राळेची धूळ पुसत होतो,” ते म्हणाले. “मग वाटलं, इतक्या वर्षांत हिला तारांशिवाय कधी बघितलंच नाही. बघत बसलो.”

घोडी त्यांच्या मांडीवर आली. आणि मग आतून आवाज झाला. टक्. आणि काहीतरी गडगडत गेलं.

मी वर गेले तेव्हा थोरली सतरंजीवर उताणी आणि भाऊजी शेजारी मांडी घालून बसलेले. दुरुस्ती करणारे म्हातारे गृहस्थ गेल्या हिवाळ्यात वारले होते. दुसऱ्या शहरातल्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणाला महिनाभर हातात काम आहे. तरी बिचाऱ्याने फोनवरच सगळं समजावलं. वाकडी लोखंडी सळई लागते, तिच्या टोकाला खांब टोचायचा, पुढच्या नागमोडी फटीतून आत न्यायचा आणि आरशात बघत उभा करायचा. भाऊजींनी हो हो म्हणत फोन ठेवला.

“सुटलो,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच सुटल्यासारखं दिसत होतं आणि ते मला बघवेना.

ताई दारात उभी होती. ती चपला घालून निघून गेली. मला वाटलं, आता ही टेबलाचं माप घ्यायला टेप आणायला गेली. अर्ध्या तासाने परत आली ती दातांच्या दवाखान्यातून. बावीस वर्षं ती तिथे डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून काम करतेय. तिने पर्समधून लांब दांडीचा तो इवलासा गोल आरसा काढला, एक बॅटरी काढली आणि माझ्याकडे कपड्यांच्या हँगरची तार मागितली.

“जबड्याच्या मागे अक्कलदाढ दिसते मला,” ती म्हणाली. “ही तर केवढी बाई आहे. सरका.”

ती पालथी पडून फटीला डोळा लावून आत बघू लागली. बॅटरी विझवली तरी बघतच होती.

“अगं, काय दिसतंय?” भाऊजींनी विचारलं.

“खोली आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज वेगळाच येत होता, आतून. “रिकामी खोली. दोन्हीकडून उजेड आलाय. जमिनीवर धूळ आहे, तिचे गोळे झालेत. कोणी राहत नाही असं वाटत नाही हो. कोणी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटतं.”

भाऊजी तिच्या शेजारी आडवे झाले, गालाला गाल लावून, तेही बघू लागले. दोघं साठीला आलेली माणसं, सतरंजीवर पालथी. मी खाली माझ्या मशीनवर येऊन बसले. तिथे माझं काही काम नव्हतं.

खांब पहिल्यांदा पडला, दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा ताईला आतल्या लाकडावर जुना गोल डाग सापडला, जिथे तो इतकी वर्षं उभा होता. तिथे तिने तो उभा केला. भाऊजींनी घोडी बसवली, ताती चढवल्या. पुढचे सहा दिवस रोज संध्याकाळी दोघं तो खांब केसभर इकडेतिकडे सरकवत बसायची आणि वरून मला तेच ऐकू यायचं. एक लांब स्वर. मग भाऊजी, “जरा तुझ्याकडे.” ठक्. पुन्हा स्वर. “फार झालं. एक केस माझ्याकडे.” ठक्. एकतीस वर्षांत ही दोघं एकमेकांशी एवढं बोलली नसतील. शनिवारी एकदाचा तो स्वर आला. माझ्या मशीनवरच्या टाचण्या ताटलीत हलल्या. वरून पुन्हा ठक् झालं नाही.

सोमवारी आम्ही तिघांनी मिळून थोरलीला जिन्यावरून उतरवलं. ताई पहिल्यांदाच बरोबर आली. मी आणि ती हॉलबाहेरच्या लांब व्हरांड्यात बाकावर बसलो. दार बंद होतं. थोड्या वेळाने वाजवणं सुरू झालं. ताईने हात बाकावर सपाट ठेवला आणि डोळे मिटले. मला वाजवण्यातलं काही कळत नाही. पण मी रडले, हे खरं आहे, आणि का ते मला अजून सांगता येत नाही.

वाजवणं संपल्यावर भाऊजींबरोबर संचालक स्वतः बाहेर आले. भला माणूस होता. भाऊजींना म्हणाले, “असा आवाज मी फार दिवसांत ऐकला नाही. पण तो दहाव्या रांगेपर्यंत पोचत नाही. पोलादी तारा लावून पंधरा दिवसांनी पुन्हा या. जागा तुमचीच आहे.”

भाऊजींनी डाव्या हाताचं बोट उजव्या मुठीत धरलं. “पोलादी तारांवर मी फार तर वर्षभर वाजवीन,” ते म्हणाले. “मग हे बोट कशालाच उरणार नाही. मी थांबतो.”

आम्ही घरी आलो. थोरलीला तिच्या कोपऱ्यात उभं करून भाऊजींनी खोळ बांधायला घेतली, खाली वाकून, एकेक बंद नीट. मग फोन हातात घेतला.

“कोणाला?” ताईने विचारलं.

“शाळेला. उद्या घेऊन जातील.”

“ठेवा तो खाली.”

“अगं, एकट्याने वाजवायचं वाद्य—”

“ते ऐकलंय मी. खांब कोणी उभा केला?”

भाऊजींनी थोरलीकडे पाहिलं.

“मी केला. माझ्या हातचं काम आहे ते. मला न विचारता ती कुठेही जायची नाही. आणि वर गाणारं लागतं ना? मग मी बसते. मला येत नाही गाता, ते तुम्हाला माहीत आहे. चालवून घ्या.”

भाऊजींनी फोन खाली ठेवला. मग तिचा हात घेतला आणि तसेच उभे राहिले. मीच पुढे होऊन खोळीचे बंद सोडले, कारण शिवले मी होते आणि गाठी मलाच नीट सुटतात.

तो टेबलक्लॉथ माझ्याकडे तसाच पडून आहे, कापलेला, न शिवलेला. कापड वाया नको म्हणून मी ताईला विचारलं, तर म्हणाली उशीचे अभ्रे कर दोन, बसायला लागतात. संध्याकाळी ती खिडकीशी बसते आणि गुणगुणते. बेसूर गुणगुणते, अगदी साफ बेसूर. ती जिकडे घसरेल तिकडे भाऊजी खालून सावकाश जातात आणि तिच्या पायाखाली स्वर आणून ठेवतात. माझी खुर्ची हलते.