फळ्यावरचे निळे देश
खडूची धूळ नाकात गेली की मला पंडरी बाजारातला तो वर्ग आठवतो. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि कापडाच्या दुकानांवरच्या एका खोलीत फ्रेंचचे क्लास निघाले होते. खालून कोऱ्या कापडाच्या खळीचा वास यायचा. पुण्याहून आलेल्या बाईंनी त्या दिवशी फळ्यावर जगाचा नकाशा काढला आणि फ्रेंच बोलणारे देश निळ्या खडूने भरले: फ्रान्स, सेनेगल, कांगो, हैती, कॅनडाचा एक तुकडा. प्रत्येकाची बोलायची तऱ्हा वेगळी, पण सगळी फ्रेंचच, कुणाला हसायचं नाही, असं त्यांनी बजावलं. तेवढ्यात बाबा मला न्यायला आले. दारातूनच नकाशा बघत कौतुकाने म्हणाले, "मॅडम, मले एक सांगा, इतक्या दूरदूरचे लोकं एकच भाषा काहून बोलून राहिले?" बाई हसल्या. "मले नाही हो, मला. ही कुठली मराठी?" वर्ग हसला, मराठी न कळणारेही हसले. मीही हसले. बाबा "जी, मॅडम" म्हणाले आणि पुढे त्यांच्याशी हिंदीतच बोलले. त्या दिवसापासून माझ्याशीही. आता बाबा नाहीत, फ्रेंचही मी कधीच विसरले, आणि ही आठवण लिहिताना पहिल्याच ओळीत माझ्या हातून 'मला'च उतरलं.