आईला घेऊन सशांच्या मागावर

मी ससे मारायला जाते. वर्षातून एकदा, हिवाळा सरत आला की, वेलिंग्टनजवळ लोअर हटमधल्या आमच्या घरून गाडी काढते, फेरीबोटीने साउथ आयलंडला उतरते आणि पार खाली सेंट्रल ओटागोच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर जाऊन राहते. बरीच वर्षं मी हे वळसे घालून सांगायचे. ‘साउथला फिरायला जातो’, ‘ओळखीच्यांचं फार्म आहे’, असं काहीतरी. आता मी सरळ सांगते. समोरच्याचा चेहरा बदलतो, तो बदलू देते.

मी पुण्याची. घर पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा आईच्या ओट्यावर आलं नाही. लग्नानंतर मी मासे-मटण खायला शिकले आणि वेलिंग्टनला आल्यावर बंदूक चालवायला. इथे एका सरकारी खात्यात सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. ऑफिसातली माझ्याच वयाची एक मैत्रीण शिकारीला जाणारी. तिचा भाऊ आणि वहिनी ओटागोत मेंढ्या पाळतात. एका वर्षी ती म्हणाली, “चल, नुसती बॅग धर माझी.” मी बॅग धरायला गेले. परत आल्यावर पहिली गोष्ट केली ती लायसन्सचा अर्ज.

अमेरिकेतल्या माझ्या भावाला सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, त्याचा शेजारी दर शरद ऋतूत तीन राज्यं ओलांडून खारी मारायला जातो आणि सगळी गल्ली त्याला वेडा म्हणते. मला तो शेजारी न बघताच कळला. हरीण मारणाऱ्याला लोक निदान विचारतात, शिंगं केवढी होती. खारीसाठी किंवा सशासाठी एवढ्या लांब जाणाऱ्याकडे दाखवायला काहीच नसतं. दुपारभर चालायचं आणि हाती लागतं एका वेळच्या जेवणापुरतं. मला तेच आवडतं. चालताना वाऱ्याकडे लक्ष ठेवावं लागतं, पाय कुठे पडतोय ते बघावं लागतं, आणि तासन्‌तास बघूनही टेकडीवर फक्त दगड दिसतात. मग त्यातला एक दगड कान हलवतो. स्क्रीनवर चुका शोधून बोथट झालेले माझे डोळे त्या क्षणी पुन्हा माझे होतात. शिवाय त्या टेकड्यांवर मी कोणाची बायको नसते, कोणाची आई नसते, कोणाची टीम लीड नसते, आणि ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ असं विचारायला आसपास कोणी नसतं.

सोपं मात्र काहीच नव्हतं. बंदुकीच्या दुकानात गेले तर काउंटरवरचा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, “नवऱ्यासाठी घेताय का?” मी म्हटलं, “तो वाणसामान घेतोय. बंदूक मला हवीय.” लायसन्ससाठी पोलिसांकडून एक बाई घरी आल्या. त्यांनी नवऱ्याला वेगळं बसवून विचारलं की, तुम्हाला बायकोची कधी भीती वाटते का. नवरा म्हणाला, “रागावली की वाटते.” बाई हसल्या नाहीत. मग त्याने घसा साफ केला आणि सांगितलं, “मला शिकार आवडत नाही. पण तिच्याइतकं सावध माणूस मी पाहिलेलं नाही. गॅस बंद आहे ना हे बघायला ती अर्ध्या रस्त्यातून परत येते.” लायसन्स मिळालं.

खरी अडचण आमच्या लोकांची झाली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला नैवेद्याचे उकडीचे मोदक मी करायचे. माझ्या पाऱ्या पातळ होतात, कळ्या बारीक पडतात, हे सगळ्यांना माहीत. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली त्या वर्षी, गणपतीच्या आधीच्या मीटिंगमध्ये, मंडळातले एक ज्येष्ठ काका चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “यंदा नैवेद्याचं दुसऱ्या कोणाकडे देऊ या.”

“का?” मी विचारलं.

“लोक बोलतात.”

“काय बोलतात?”

“हेच. तुझं ते बंदुकीचं. ससे वगैरे.”

याच काकांच्या घरी गेल्या नाताळच्या सुट्टीत बार्बेक्यू होता. मी त्यांच्या हातून कोकराचे चॉप्स घेतले होते, आणि ते फार चांगले झाले होते. तसं मी बोलूनही दाखवलं.

“ते वेगळं,” काका म्हणाले.

“कसं वेगळं?”

“ते आपण करत नाही ना.”

खोलीत बसलेल्यांपैकी कोणी माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, “काका, तुमच्या ताटातलं कोकरू कोणीतरी मारलंच होतं. माझ्या ताटातला ससा मी मारते. फरक एवढाच की मी तिथे हजर असते.” मग मी माझा चहा पूर्ण प्यायले, सावकाश, आणि उठले. मोदक दुसऱ्या एकीकडे गेले.

हे सगळं आईच्या कानावर माझ्या आधी दुसऱ्यांकडून गेलं. मी घरी पोचले तेव्हा ती भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “पुढच्या आठवड्यात जाणार आहेस ना तिकडे? मी येणार.”

“आई, तिथे थंडी असते. आणि तुला बघवणार नाही.”

“बघितल्याशिवाय मी कशालाच वाईट म्हणत नाही. तुझं लग्नसुद्धा मी मुलगा बघून मगच मोडायला निघाले होते.” हे खरं होतं. नवरा शेजारच्या खोलीतून म्हणाला, “आणि मग मोडलं नाही.”

“तिथे खारी आहेत का?” आईने विचारलं.

“नाहीत. या अख्ख्या देशात खारी नाहीत.”

“बरं झालं. रामाने जिच्या पाठीवरून हात फिरवला तिच्या वाटेला जायचं नाही.”

आम्ही दोघीच निघालो. फेरीवर गाडी चढवताना गाडीत बंदूक असल्याचं सांगावं लागतं. मी सांगत असताना आई काचेतून सरळ समोर बघत बसली होती, जणू ती मला ओळखतच नव्हती. पण पुढच्या दोन दिवसांच्या रस्त्यात ती बदलत गेली. समुद्राकाठी सील पहुडलेले दिसले, तिने गाडी थांबवायला लावली. दक्षिणेकडचे बर्फाचे डोंगर दिसायला लागले तशी तिने शाल डोक्यावर घेतली आणि बोलणं कमी केलं. मला वाटलं, दमली असेल. ती म्हणाली, “दमले नाही. एवढी मोकळी जागा कधी बघितली नव्हती. गप्प बसावंसं वाटतं.”

फार्मवर मैत्रिणीच्या भावाने आणि वहिनीने आमचं स्वागत केलं. आईने हात जोडले, त्यांनीही जोडले, आणि वहिनी ‘किया ओरा’ म्हणाली, म्हणजे इथला नमस्कार. आईला ते नाव वाटलं. तिने आपलं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव गोठून गवत पांढरं झालं होतं. मी आईला गाडीतच बसायला सांगितलं होतं, थर्मास आणि पांघरूण देऊन. ती ऐकेना. माझे जुने बूट घालून, साडीवर नवऱ्याचं जाकीट चढवून ती माझ्यामागून हळूहळू चढायला लागली. पायाखाली जंगली थाइमची झुडपं चिरडली की वास यायचा. आईने एक काडी तोडून चोळली, हुंगली आणि म्हणाली, “ओव्याची बहीण दिसते.” एका काटेरी झुडपात तिचा पदर अडकला. मी सोडवताना सांगितलं की, या झुडपाला इथे मातागौरी म्हणतात.

“काय म्हणतात?”

“मातागौरी. माओरी नावावरून आलंय.”

आई थांबली. त्या बिनपानांच्या, नुसत्या काट्यांच्या झुडपाकडे तिने नीट बघितलं आणि नमस्कार केला. म्हणाली, “गौरी यायच्या आधीच भेटली.”

एका मोठ्या खडकाच्या आडोशाला आम्ही बसलो. समोरच्या उतारावर ऊन यायला लागलं होतं. ससे उन्हाला बाहेर येतात. मी आईला खुणेने सांगितलं, हलायचं नाही, बोलायचं नाही. वाटलं होतं, ती पाच मिनिटांत कंटाळेल. ती कंटाळली नाही. मांडी घालून ती अशी बसली होती जशी ती कीर्तनाला बसते, पाठ सरळ, डोळे समोर. बराच वेळ गेला. मला काही दिसत नव्हतं. मग आईचा हात माझ्या बाहीवर आला आणि ती अगदी हळू म्हणाली, “तो बघ. पांढऱ्या दगडाच्या डावीकडे.”

मी दुर्बिणीतून बघितलं. होता. पाठीमागे मातीचा चढ होता, गोळी पलीकडे जाणार नव्हती. मी आडवी झाले, श्वास सोडला आणि बार काढला. ससा जागच्या जागी पडला.

मी उठून उतारावर गेले, ससा मेल्याची खात्री केली, त्याला घेऊन परत आले. तेव्हाही ती तशीच बसली होती. मग म्हणाली, “मी का दाखवला तुला?”

“तुला दिसला म्हणून.”

“मला आनंद झाला होता गं,” ती म्हणाली. “तो दिसला तेव्हा मला आनंद झाला. तुझ्या आधी दिसला म्हणून.” तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. “हे बरं नाही. काहीतरी भलतंच आहे हे.”

“आई, हेच आहे ते,” मी म्हटलं. “यासाठीच मी येते. मला याचं वाईटही वाटतं आणि मी तरीही येते. दोन्ही खरं आहे. काकांना मी हे सांगत बसणार नाही, पण तुला सांगते.”

मी जरा बाजूला जाऊन सशाचं पोट साफ केलं. तिने मान फिरवली होती. परतताना मात्र बाटलीतलं पाणी माझ्या हातांवर ओतत म्हणाली, “नखांखाली राहिलंय बघ. नीट धू.”

संध्याकाळी फार्मवरच्या स्वयंपाकघरात मी सशाचा रस्सा केला, कांदा-खोबरं भाजून, मंद आचेवर. शेजारच्याच शेगडीवर आईने पुण्याहून आणलेल्या भाजणीची थालीपिठं लावली. तिची कढई वेगळी, तिचं उलथनं वेगळं. मैत्रिणीच्या भावाने थालीपीठ तोडलं, रश्श्यात बुडवलं आणि खाल्लं, पुन्हा बुडवलं. आईने ते बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या ताटात आणखी एक वाढलं. ती स्वतः दही-थालीपीठ खाऊन उठली. त्या चार दिवसांत ती पुन्हा टेकडीवर आली नाही. दिवसभर वहिनीबरोबर कोकरांना बाटलीने दूध पाजत होती.

परत आल्यावर मंडळाचा गणपती होता. मी जाणार नव्हते. आई म्हणाली, “का? गणपती काय काकांचा आहे?” आम्ही गेलो. आरती झाली. प्रसादाच्या रांगेत काका आईजवळ आले. मी तिच्या मागेच उभी होते. ते नम्रपणे म्हणाले, “ताई, तुम्ही मोठ्या आहात. तुमचं ऐकेल ती. जरा समजवा तिला. आपल्याकडे शोभत नाही.”

आईने हातातला द्रोण सांभाळत त्यांच्याकडे बघितलं. “मी तिथे जाऊन आले,” ती म्हणाली. “मला पटलेलं नाही. ते मी तिला सांगितलंय, आणि अजून सांगेन. ती माझी मुलगी आहे, तिला बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही नाही. आणि मोदक कोणी केलेत यंदा? उकड नीट मळलेली नाही.”

काका बाजूला झाले. घरी जाताना गाडीत आईने मला खरंच बोलायला घेतलं. जीव कसला घेतेस, वय काय झालं, लेकीने काय शिकायचं. मागे बसलेली माझी लेक इंग्रजीत म्हणाली की, तिच्या शाळेत हीप्स ऑफ, म्हणजे ढीगभर, लोक शिकारीला जातात. आई म्हणाली, “तू मध्ये बोलू नकोस.” मीही माझं म्हणणं सोडलं नाही. घराजवळच्या मेलिंगच्या पुलापर्यंत आम्ही भांडत होतो.

आई आता पुण्यात असते. मध्यंतरी फोनवर सांगत होती की, सोसायटीतल्या बायकांनी विचारलं, मुलगी सुट्टीत काय करते. तिने सांगितलं, तिकडे ससे फार झालेत, शेतकऱ्यांचं गवत खाऊन टाकतात, म्हणून माझी मुलगी त्यांना मदत करायला जाते.

ससे फार झालेत हे खरं आहे. ते गवत खातात, माती उघडी पाडतात, आणि फार्मवाले मला हसतमुखाने फाटक उघडून देतात हेही खरं. ही सबब इथे सगळेच मला आयती देतात, ऑफिसातले लोक, शेजारी, नवरासुद्धा. घ्यायला सोपी आहे. मी ती घेत नाही.

“आई, मदत करायला नाही जात मी,” मी म्हटलं.

“मग काय सांगू त्यांना?”

“सांग, तिला आवडतं.”

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आई म्हणाली, “नाही सांगणार,” आणि लगेच विचारलं, या वर्षी तिकडे थंडी कितपत आहे, आणि जाकीट तेच नेणार आहेस का.