थांबा : शाळा

आमच्या एसटीत एका बाकावर ‘आमदार-खासदारांसाठी राखीव’ असं लिहिलेलं आहे. त्या बाकावर मी बाजाराच्या पिशव्या पाहिल्या, पेंगणारी म्हातारी माणसं पाहिली. खासदार परवा पहिल्यांदा पाहिला, तोही माजी. त्याआधी ते राज्याचे शिक्षणमंत्री होते. बाकावरच्या बाईंनी ओळखून उठायला सुरुवात केली, तर म्हणाले, “बसा हो, मी कडेला टेकतो.”

“कुठं, साहेब?” कंडक्टरनं विचारलं.

“आमच्या गावच्या शाळेपाशी. काय म्हणता हल्ली त्या थांब्याला?”

“शाळाच. दुसरं काय म्हणणार?”

त्याच शाळेत ते शिकले होते. प्रत्येक प्रचारसभेत ते छाती फुगवून सांगायचे. मंत्री झाल्यावर कमी पटाच्या शाळा बंद करायच्या आदेशावर त्यांनीच सही केली, आणि त्यात हीही गेली. इतकी वर्षं मी त्यांच्यावरचा राग जपून ठेवला होता. त्यांना बाकाच्या कडेला अंग चोरून टेकलेलं पाहिलं आणि तो राग कुठं ठेवावा, कळेना. कागदावरची शाळा एका सहीनं जाते. लोकांच्या तोंडातून जायला पिढी जावी लागते.

गाडी हळू झाली. कंडक्टरनं सवयीनं हाक दिली, “चला, शाळावाले, पुढं या!”

पूर्वी या हाकेसरशी सगळी दप्तरं एकदम दाराकडे लोटायची. परवा ते एकटेच उठले.